नंबर खरा असणारच

तुम्ही लिहिलंय की इमिग्रेशनच्या कामासाठी कॅनडातल्या ‘वकिला’ने अडीच लाख आगाऊ मागितलेत. त्याचा लायसन्स नंबर ऑन्टारिओच्या लॉ सोसायटीच्या (तिथल्या वकिलांना परवाना देणारी संस्था) साइटवर घालून पाहिलात, नाव जुळलं, तर आता पैसे पाठवायला हरकत नाही ना? असल्या प्रश्नांच्या वाटेला मी सहसा जात नाही. हा वाचून मात्र झोप लागेना.

नंबर खरा असणारच हो. आम्हाला फसवणाऱ्या माणसाचाही खरा होता. टोरोंटोतल्या एका वकिलाचं नाव आणि नंबर उचलायचा, फोन-ईमेल तेवढा स्वतःचा घालायचा, की झालं कार्ड तयार. म्हणून यादीत नाव दिसलं की थांबू नका. यादीत त्या वकिलाचा जो फोन दिलाय तो लावा आणि विचारा, माझी फाइल तुमच्याकडेच आहे का? दोन मिनिटांचं काम. आम्ही ते केलं नाही. गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहणारा, मला वहिनी म्हणणारा माणूस, त्याची चौकशी करायची लाज वाटली.

दुसरी खूण फॉर्मात सापडते. पैसे घेऊन काम करणाऱ्याचं नाव कॅनडा इमिग्रेशनच्या ५४७६ नंबरच्या फॉर्मवर यावंच लागतं, अर्जदाराचा प्रतिनिधी म्हणून. आमचा म्हणाला, “माझं नाव नको, वकील दिसला की फाइल रेंगाळते.” किती सोयीचं! फाइलमध्ये खोटं निघालं तर पाच वर्षांची बंदी अर्जदारावर, तो नामानिराळा. आणि खरा वकील आगाऊ फी ट्रस्ट अकाउंटमध्ये (अशिलांचे पैसे वेगळे ठेवायचं खातं) घेतो, मेहुण्याच्या खात्यावर नाही.

आता जे मी सासरी अजून सांगितलेलं नाही ते. २०२३ च्या शेवटी ह्यांचं वर्क परमिट संपायला आलं होतं आणि पीआरला, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याला, गुण कमी पडत होते. तेव्हा एलएमआयए (परदेशी कामगार घ्यायला मालकाला सरकारकडून मिळणारी मंजुरी) असलेल्या नोकरीचे ५० गुण मिळायचे (मार्च २०२५ पासून बंद झालेत, अजूनही कोणी ते विकत असेल तर हसून फोन ठेवा). एलएमआयएची हजार डॉलर फी मालकाने भरायची असते, कामगाराकडून घ्यायला बंदी आहे. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या नोकरीच्या कागदासाठी त्याला बारा हजार डॉलर दिले. त्यामुळे तो गायब झाला तेव्हा पोलिसांत जायचं तोंडच उरलं नाही. असली माणसं ह्याच्यावरच तर जगतात.

भाडं झेपेना, म्हणून फेब्रुवारीत बेसमेंटमध्ये गेलो. पत्ता बदलला की शाळा बदलते. लेक सातवीत होती, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. वाद्य शाळेचं, परत करावं लागलं. नव्या शाळेत बँडच नव्हता. ती एक शब्द बोलली नाही, पेटी पुसून, नीट बंद करून देऊन आली. पीआर पुढे झालं, ते पुराण वेगळं. पण त्या पेटीचं काय करू?

एकटेपणाचंही विचारलंयत. असतो. सवय होते.

आणि एक. पैसे देऊन आठवडा झाला असेल, तेव्हा मी त्याचा नंबर एका मैत्रिणीला दिला. “आपलाच माणूस आहे गं,” म्हणाले. त्यांचे आमच्यापेक्षा जास्त गेले. ती अजून बोलते माझ्याशी, दिवाळीला चकल्या पाठवते. तो विषय तिने कधी काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

थंडीत तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की इथे सकाळचे नऊ होतात, तेव्हा ऑफिसं उघडतात. आजच लावा. काय म्हणाले ते मला कळवा.