पिल्लाला ताप आहे हे नाकावरून कळतं का?

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू कालपासून मलूल आहे, नाक गरम आणि कोरडं लागतंय, मग ताप समजायचा का, असं तुम्ही विचारलंय. नाकावर अजिबात जाऊ नका. नुकत्याच झोपेतून उठलेल्या धडधाकट पिल्लाचंही नाक कोरडं ठणठणीत असू शकतं. आमच्याकडे तर उलटंच झालं. नाक गार, ओलं, म्हणून मी अख्खी संध्याकाळ निश्चिंत. रात्री पिल्लू पाण्याच्या भांड्यापाशी गेलं, काठावर हनुवटी टेकवली आणि तसंच बसून राहिलं. घोटभरही प्यायलं नाही. ते पाहून थर्मामीटर लावला, तर १०४.

तेव्हा आधी थर्मामीटर. साधा डिजिटल चालतो, फक्त तो पिल्लासाठी वेगळा ठेवा (का ते पुढच्या वाक्यात कळेलच). टोकाला व्हॅसलिन लावायचं, शेपटी हलकेच उचलायची आणि गुदद्वारात साधारण अर्धा इंच आत सरकवून बीप होईपर्यंत धरायचा. एकट्याने जमत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पिल्लू कुशीत धरायला सांगा. नुकतंच धुडगूस घालून आलं असेल तर अर्धा तास थांबून मोजा.

१०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच तापमान आहे. आपल्या हाताला पिल्लू कायम कोमट लागतं ते त्यामुळेच. १०३ च्या पुढे ताप धरा, १०४ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ९९ च्या खाली गेलं तर 'ताप उतरला' म्हणून हुश्श करू नका. फार अशक्त झालेलं पिल्लू थंड पडायला लागतं, ते तापापेक्षा वाईट.

मग हिरड्या बघा. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. फिकट, पांढुरकी दिसली तर रक्त कमी आहे, मग जंत असोत, गोचीड-पिसवा असोत की आणखी काही. ओठ-हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

'सारखं झोपतंय' याची मात्र धास्ती घेऊ नका, या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोपेतच जातात. जागं असताना काय करतंय ते महत्त्वाचं. खाण्याच्या भांड्याचा आवाज झाला आणि मानही वर केली नाही, तर काहीतरी बिनसलंय. लस दिल्यावर एखाददुसरा दिवस किंचित कणकण आणि सुस्ती येते, तेवढं चालतं.

उलट्या आणि त्यापाठोपाठ घाण वासाचे, रक्ताळलेले जुलाब सुरू झाले तर सकाळची वाट बघू नका. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लात पहिला संशय पार्वोचाच, म्हणजे आतड्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा. आमच्या पिल्लाला तोच निघाला. पाच दिवस सलाईन लागलं, पण वाचलं. डोळ्यांतून-नाकातून घट्ट चिकट स्राव आणि सोबत खोकला असेल तर डिस्टेंपर या दुसऱ्या गंभीर विषाणूजन्य आजाराची शक्यता असते, तेही घरी थांबून बघण्याचं प्रकरण नाही.

आपल्या घरातली तापाची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक ठरू शकतं, आयब्युप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडही जातं. ताप उतरवायला बर्फाच्या पाण्याने अंघोळही नको. उलट्या होत असताना तोंड उघडून दूध-बिध तर मुळीच कोंबू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

डॉक्टरांना फोन करण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: ताप किती आणि किती वाजता मोजला, शेवटचं कधी खाल्लं, उलट्या-जुलाब किती वेळा, कोणत्या लसी कोणत्या तारखेला झाल्या. शीचा फोटोही काढून ठेवा. संकोच वाटतो, पण आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच मागितला होता.