तुमचा प्रश्न असा: व्होल्टेज फॉलोअरमध्ये (ऑप-अँप या ॲम्प्लिफायर आयसीचे आउटपुट थेट मायनस इनपुटला जोडून इनपुटइतकेच व्होल्टेज देणाऱ्या सर्किटमध्ये) प्लस-मायनस इनपुटची अदलाबदल केली तरी आदर्श विश्लेषणात उत्तर तेच येते. मग सर्किट चालत का नाही?

कारण दोन्ही इनपुटचे व्होल्टेज समान धरणे म्हणजे सर्किट समतोलात आहे असे आधीच मान्य करणे होय. ते तिथे टिकेल की नाही, हे त्या गणितात कोणी विचारलेलेच नसते. गेन-बँडविड्थ (गेन म्हणजे वर्धन, ते ज्या फ्रिक्वेन्सीला १ वर येते ती) १ मेगाहर्ट्झ असलेला ऑप-अँप नीट जोडला, तर इनपुट-आउटपुटमधला फरक सुमारे ०.१६ मायक्रोसेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने विरतो. इनपुट उलटी जोडल्यास तोच फरक त्याच वेगाने वाढतो आणि आउटपुट सप्लायच्या एका टोकाला जाऊन चिकटते.

एवढ्यावर थांबलो असतो. परंतु ‘गणित बरोबर आहे, त्या अर्थी आयसी खराब असावा’ असे तुम्ही प्रश्नाखाली लिहिले आहे, आणि हे वाक्य मी फार ऐकले आहे. माझ्या जुन्या नोकरीत सेन्सरचा सिग्नल सुमारे २० मीटर कोॲक्सियल केबलवरून न्यायचा होता व त्यासाठी टीएल०७२ या ऑप-अँपचा साधा फॉलोअर लावला होता. मल्टिमीटरवरचे डीसी वाचन काही मिलिव्होल्ट सरकलेले असे आणि आयसीला बोट लावले की तो नको तितका गरम लागे. वरिष्ठांनी आयसी बदलण्याचा सपाटा लावला. ऑसिलोस्कोप जोडला तेव्हा सरळ रेषेऐवजी मेगाहर्ट्झच्या घरातील कंपनांचा जाड पट्टा दिसला. केबलचे कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर एकूण २ नॅनोफॅरड होते. आउटपुटच्या अंदाजे १०० ओहम रोधाबरोबर ते ८०० किलोहर्ट्झच्या आसपास आणखी एक पोल (ज्या फ्रिक्वेन्सीपासून सिग्नल घटू आणि मागे पडू लागतो ती) निर्माण करते, आणि फॉलोअरमध्ये संपूर्ण आउटपुट फीडबॅकला परत येत असल्याने फेज मार्जिन (कंपने सुरू होण्याआधी सिग्नलला आणखी किती मागे पडता येईल ती सवलत) तिथेच सर्वांत आधी संपते. मी केबलच्या तोंडाशी १०० ओहमचा रेझिस्टर घातला आणि कंपने थांबली. त्याला ‘जुगाड’ म्हटले गेले.

माझ्या मते कारण न शोधता आयसी बदलत राहणे हाच खरा जुगाड होता. ज्याला लूप गेन (फीडबॅकच्या पूर्ण फेरीतला गेन) मांडता येत नाही, त्याने आयसीला दोष देऊ नये.

अर्थात, हा रेझिस्टर सर्वत्र चालत नाही. लोड करंट घेत असेल तर त्यावर व्होल्टेज पडते; अशा वेळी डीसी फीडबॅक रेझिस्टरच्या लोडकडील टोकापासून घ्यावा आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत छोटा कपॅसिटर जोडावा. ओपी३७ सारखा ऑप-अँप मात्र ५ पेक्षा कमी गेनसाठी बनवलेलाच नाही. फॉलोअरचा गेन १ असतो, त्यामुळे त्याच्या फॉलोअरला आउटपुटवरचा रेझिस्टरही वाचवणार नाही.