पोरं आरपीजी खेळतात? मग शेजारी बसा आणि मराठीत विचारा

"मुलगी सारखी पोकेमॉन खेळते, बंद करू का?" असं बऱ्याच आया विचारतात. मी म्हणते आधी ती काय खेळते ते बघा तरी. आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ही नुसती धडाधड बटणं दाबणं नाहीये, सोबतीला कुणाला न्यायचं, हातातल्या नाण्यांत तलवार घ्यायची की औषध, हे सगळं पोरांनीच ठरवायचं आणि चुकलं तर निस्तरायचं पण त्यांनीच. पोकेमॉनमध्ये लढणाऱ्या प्राण्यांचे १८ प्रकार आहेत, पाणी आगीला भारी, आग गवताला, काहींना तर दोन दोन प्रकार, मग कधी कधी मार चौपट बसतो, आणि पाढे म्हणताना रडणारी पोरं हा सगळा हिशोब डोक्यात करतात! २०१५ चा अंडरटेल तर कुणालाही न मारता पूर्ण करता येतो, आणि मारलंत तर गेम ते लक्षात ठेवतो.

याने पोरं हुशारच होतील असलं काही मी सांगणार नाही. पण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा यात एक वेगळा फायदा आहे. आपल्या मुलांचं मराठी "जेवलास का, दात घासलेस का" एवढ्यावरच अडकतं, कुणी दगा दिला, शब्द पाळला नाही, आता पस्तावा होतोय, हे मराठीत बोलायची वेळच येत नाही त्यांच्यावर. गेममध्ये ती सारखी येते. म्हणून शेजारी बसून विचारा, त्या म्हाताऱ्याला मदत का नाही केलीस, आता पुढे काय डाव आहे. मध्येच तिथल्या भाषेत घसरतील, घसरू द्या, दर शब्दाला टोकलंत तर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत. पोरांना व्हिडिओ कॉलवर आजोबांना गेमची गोष्ट सांगायला लावा, त्यांना काहीच कळणार नाही आणि तेच हवंय, कारण मग सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं 😄 वाचता न येणारं लहान असेल तर संवाद तुम्हीच मराठीत वाचून दाखवा, आवाज काढून.

आरपीजी म्हणजे लहान मुलांचाच गेम असंही नाही हां. कुठला गेम कुठल्या वयाला चालेल हे ठरवणाऱ्या युरोपच्या पेगीने बाल्डर्स गेट ३ ला १८ चं रेटिंग दिलंय. अमेरिकेत तसंच ईएसआरबीचं रेटिंग बघा, ई म्हणजे सगळ्यांसाठी, एम म्हणजे १७ आणि त्यापुढे. फुकटातल्या गेममध्ये लकी ड्रॉसारख्या पेट्या विकतात तिथे कार्ड सेव्ह करून ठेवू नका, आणि अनोळखी लोकांशी चॅट बंदच.

आणि वेळ संपली म्हणून खटकन स्विच बंद करू नका प्लीज, काही गेममध्ये ठरावीक जागीच सेव्ह होतं, तासाभराची मेहनत गेली की घरात जे रडगाणं होतं ते गेमचं व्यसन नसतं, तुम्हीच ओढवून घेतलेलं असतं. दहा मिनिटं आधी विचारा, "पुढचा सेव्ह पॉइंट कुठे आहे रे?"