स्वित्झर्लंडच्या ग्लारुस कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात) एवढी गावं असूनही नगरपालिका तीनच कशा?

कारण २००६ साली तिथल्या मतदारांनीच उघड्या मैदानात हात वर करून २५ नगरपालिकांच्या तीन केल्या: उत्तर ग्लारुस, ग्लारुस आणि दक्षिण ग्लारुस. ग्लारुसमध्ये दर मे महिन्यात ‘लांड्सगेमाइंडं’ नावाची सभा भरते. आपल्या ग्रामसभेसारखीच, पण अख्ख्या कँटनची. कँटन सरकारचा प्रस्ताव दहा नगरपालिकांचा होता. सभेत एका नागरिकाने ‘तीनच करा’ अशी दुरुस्ती सुचवली आणि तीच मंजूर झाली. मतं मोजत नाहीत. लोक रंगीत मतपत्रिका उंचावतात आणि अध्यक्ष नजरेनेच बहुमत ठरवतात. २००७ च्या खास सभेत निर्णय पुन्हा कायम झाला, १ जानेवारी २०११ पासून अमलात आला.

भूगोलही याला अनुकूल होता. लिंट नदीचं एकच मुख्य खोरं, बाजूने उभे डोंगर, आणि पूर्ण कँटनची वस्ती जेमतेम ४० हजार. इतक्या कमी लोकांत प्रत्येक गावाला वेगळा कारभार परवडत नव्हता. मला हा निर्णय फार धाडसी वाटतो, कारण गावाची स्वायत्तता तिथे जिवाभावाची गोष्ट आहे.

मात्र नगरपालिका गेली म्हणजे गाव पुसलं गेलं असं नाही. १८८१ मध्ये पाटीच्या दगडाच्या खाणीमुळे डोंगर कोसळून शंभरावर माणसं जिथे गेली, ते एल्म आज दक्षिण ग्लारुसमध्ये मोडतं. पत्त्यावर आणि नकाशावर नाव अजून एल्मच आहे.