खाते अडकण्याआधीची तयारी
पहिलेच ईमेल खाते उघडले आहे, तर आजच अर्धा तास काढून थोडी तयारी करून ठेवावी. गुगल खात्यात द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर ओळखीचा दुसरा पुरावा मागणारी सोय) सुरू केल्यावर, फोन हाताशी नसताना वापरायचे १० बॅकअप कोड घेता येतात व प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवावेत, कारण फोनमध्येच जपलेले कोड फोन हरवताच त्याच्यासोबत जातात, आणि नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक घडणारी चूक मला हीच दिसते.

केवळ एसएमएसने येणाऱ्या ओटीपीवर विसंबणे ही दुसरी चूक. नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत फोन गेला आणि त्याच दिवशी त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले, तरी त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. म्हणून पर्यायी ईमेल पत्ता अवश्य नोंदवावा.

खाते अडकलेच, तर:
- अंदाजाने पुन्हापुन्हा पासवर्ड टाकू नये.
- नेहमीच्या उपकरणावरून व नेहमीच्या ठिकाणाहून अधिकृत पानावरच प्रयत्न करावा.
- पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, वेळेसह लिहून ठेवावा. तंत्रसाहाय्यकाला तोच उपयोगी पडतो.

मदतकेंद्राचा क्रमांक मात्र इंटरनेटवर शोधून फिरवू नये, कारण तेथे भामट्यांचेही क्रमांक असतात. ओटीपी विचारणाऱ्याचा फोन तत्काळ बंद करावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.