"सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही"

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात, वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झालीस. आता दीड-दोन वर्षांचं मूल मांडीवर घेतलेल्या आया रोज तुझ्यासमोर बसतील आणि बहुतेकींचं पहिलं वाक्य हेच असेल: "मॅडम, सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही." त्यावर लगेच मान डोलवू नकोस. "चप्पल आण" म्हणताना आईची नजर दाराकडे जाते, हातही तिकडेच जातो, शिवाय ती बाहेर निघायची वेळ असते. मूल त्या खुणांवरून चप्पल आणतं. आईला हात मांडीवर आणि नजर मुलावर ठेवून अवेळी "चप्पल कुठंय?" असं विचारायला लाव. शब्द समजला की हातवारा, ते तिथल्या तिथे कळेल.

त्याही आधी कान. "थाळी वाजवली की वळतो" हा पुरावा धरू नकोस. मोठ्या आवाजाला वळणाऱ्या मुलालाही स, श, त, क ऐकू येत नसतील, कारण हे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले असतात. बाळ जन्मल्यावर काचेत होतं का, कावीळ खूप वाढली होती का, हे विचार. अशा मुलाची ओएई ही कानाची तपासणी 'पास' असली तरी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी तपासणी, करून घे. ओएई कानाच्या आतल्या शंखापर्यंतचंच सांगते, पुढच्या नसेचं नाही. सतत सर्दी असलेल्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून 20 ते 30 डेसिबल ऐकणं कमी झालेलं असू शकतं. हाक मारली तर तो बघतो, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. शब्दांची टोकं मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी, लिहून दे.

कान ठीक निघाले की तुझं खरं काम सुरू. पालकांना वाटतं की तू मुलाला शिकवणार. तू शिकवायचं आहे ते आईबापांना, आजीआजोबांना. आठवड्यातून तुझी पाऊण तासाची थेरपी, बाकी सगळे जागे तास घरचे.

"घरात बोलणं वाढवा" एवढंच सांगून मात्र पाठवू नकोस. 1995 साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांच्या अभ्यासातून, गरीब आणि सुस्थितीतल्या घरांत मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांतली 'तीन कोटी शब्दांची दरी' हा आकडा निघाला आणि जगभर पसरला. त्याच्या मोजणीवर पुढे बरेच आक्षेप आले, पण आकडा डोक्यात बसला. तो वाचलेली आई मुलासमोर रेडिओसारखी सुरू होते: आता आपण भाजी चिरतोय, आता कांदा घेतला, आता फोडणी. मुलाला मध्ये तोंड उघडायला जागाच नाही. 2013 साली कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांत 19 महिन्यांच्या मुलांचं दिवसभराचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा दिसलं की मुलाशी थेट बोललेलं जितकं जास्त, तितका त्याचा दोन वर्षांचा शब्दसाठा मोठा. घरातल्या मोठ्यांचं आपापसातलं बोलणं नुसतं कानावर पडून तो फरक पडला नव्हता. भरल्या घरातल्या मुलांच्या बाबतीत हे आवर्जून सांग. "आमच्याकडे दहा माणसं आहेत, बोलणं काय कमी?" असं म्हणतील. त्या दहांपैकी मुलाकडे तोंड करून किती जण बोलतात, ते विचार.

म्हणून पाळी शिकव. एकदा याने, एकदा त्याने. मूल काहीतरी करतं: बघतं, बोट दाखवतं, "बा" म्हणतं. मोठा माणूस त्याला धरून बोलतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्यातच पालकांची गाडी अडते. मोठ्यांच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला पाव सेकंद पुरतो. लहान मुलाला ऐकायचं, शब्द शोधायचा, तोंडाची जुळवाजुळव करायची, एवढा वेळ लागतो. आईला मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला सांग. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला ती बोलून टाकेल. तुझ्यासमोरच दोन-तीनदा करून घे.

आंघोळीची वेळ याला फार चांगली, कारण मूल समोरासमोर असतं आणि फोन हातात नसतो. पाण्याचा मग भरून हातात धरायचा आणि थांबायचं. मुलाने मगाकडे पाहिलं, हात पुढे केला: ही त्याची पाळी. आई: "पाणी! पाणी हवं." ओतायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा थांबायचं. "पा" आलं की: "पाणी. गरम पाणी." मूल जितकं बोलतं, त्यावर एखादाच शब्द चढवायचा. "पा"ला उत्तर म्हणून "हो गं माझी सोनी, आपण गरम गरम पाण्याने न्हाऊन आजीकडे जायचंय ना" आलं, तर त्यात पाणी सापडत नाही. दिवसातून दहा-दहा मिनिटांचे असे दोन-तीन प्रसंग पुरे: आंघोळ, जेवण, कपड्यांच्या घड्या. वेगळी खेळणी लागत नाहीत. टीव्ही मात्र बंद हवा.

मूल ज्याकडे बघतंय त्याचंच नाव घ्यायचं. ते पंख्याकडे बघतंय आणि आई चित्रांच्या पुस्तकातलं सफरचंद दाखवते. अशा वेळी त्याला आधी लक्ष तिकडून सोडवावं लागतं, मग शब्द. पंख्याबद्दल बोल म्हणावं. पुस्तक कुठे पळत नाही.

आजींना बाळबोली सोडायला लावणारे शिकलेले सूनमुलगे भेटतील. तिथे आजीची बाजू घे. भूभू, माऊ, मम् यांत तेच अक्षर पुन्हा येतं किंवा शब्द ओठांवर तयार होतो, म्हणून ते आधी जमतात. वर आजी स्वर ताणते, पट्टी चढवते, प्रत्येक वाक्यानंतर थांबते. तळहातावर बोट टेकवून मोराला बसवायचा खेळ बघ: मोर उडायच्या आधी आजी श्वास रोखून मुलाकडे बघते आणि "भुर्र" मूल म्हणतं. पाळीचा याहून चांगला धडा आपल्या पुस्तकांत नाही. "भूभू"च्या जोडीला "कुत्रा"ही कानावर पडू दे, एवढंच.

"हे काय? ते काय? काकांना गाय म्हणून दाखव" ही परीक्षा बंद कर. उत्तर येत नसलेलं मूल तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात हट्टी आहे. एक प्रश्न विचारायचा तर आधी तीन-चार साधी वाक्यं. न मागता हातात बिस्किट देणारे आजोबाही तितकेच आडवे येतात. मागायची गरजच उरत नाही. पण शब्द म्हटल्याशिवाय द्यायचंच नाही, असं दुसरं टोकही नको. नजर, बोट, आवाज, काहीही चालेल.

मोबाइलबद्दल भांडू नकोस, कारण सांग. 2003 साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना 12 वेळा चिनी ऐकवलं. समोर बसून खेळणाऱ्या बाईकडून ऐकलेल्यांना त्यातले आवाज वेगळे ओळखता आले. त्याच बाया पडद्यावर पाहिलेल्यांना काहीच आलं नाही. पडदा मुलाच्या "बा"ला उत्तर देत नाही. त्यावर इंग्रजी रंग आणि आकडे पाठ झालेली मुलं येतील, "पाणी दे" मात्र म्हणता येत नाही. ते बोलणं धरू नकोस.

"घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा" हा सल्ला शाळेतून मिळालेला असतो, कधी डॉक्टरांकडूनही. तो खोडून काढ. दोन भाषांनी वाचा लांबत नाही. ज्या भाषेत आईला चिडता येतं, लाड करता येतात, तीच घरात हवी. तोडक्या इंग्रजीत ती चारच वाक्यं बोलेल. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोज.

मुलगा "मी जाते" म्हणतो म्हणून घाबरलेले पालकही येतील. दिवसभर आईचंच ऐकतो, तर दुसरं काय म्हणेल? हसायचं नाही, "चूक" म्हणायचं नाही. "जातोस? जा!" एवढं पुरे, आणि बाबांनी त्याच्याशी जरा जास्त बोलायचं.

वाट कुठवर बघायची, तेही पक्कं ठेव. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा नाही. सोळापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांना "बाबा ये" अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही. किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले: यातलं एकही असेल तर "मुलगे उशिरा बोलतात" यावर थांबायचं नाही. मुलगे मागे असतात ते थोडक्या आठवड्यांनी, वर्षाने नव्हे. जिभेखालची तार कापून आणलेली मुलंही दिसतील. त्या तारेने एखादा उच्चार अडेल, भाषा अडत नाही.

पुढच्या भेटीला येताना घरच्या आंघोळीचा किंवा जेवणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागव, चेहरे दिसतील असा. आवाज बंद करून एकदा बघ आणि आई किती वेळा थांबली ते कागदावर मांड. मग आवाज लावून, आईला शेजारी बसवून दाखव. तिची थांबलेली एक जागा आधी दाखव, चुका नंतर.