कोनाडा फोडण्याआधी

प्रश्न : आमचं जुळे सोलापुरात बैठं घर आहे, वर स्लॅब. साखर पेठेतला सासरचा वाडा पाडला, पण तिथले कोनाडे मनातून जात नाहीत. हॉलमध्ये दिव्यासाठी एक आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी दोन कोनाडे हवे आहेत. मिस्त्री म्हणतात, अर्ध्या दिवसात फोडून देतो. फोडू द्यावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, अर्ध्या दिवसात नको. वाड्यातले कोनाडे कुणी फोडलेले नव्हते. दगडमातीची हात-दीड हात जाड भिंत चढवतानाच जागा सोडायचे आणि वर दगड किंवा लाकूड आडवं टाकायचे. तुमच्याकडे भिंत आधी उभी आहे, म्हणून सगळा हिशोब उलटा होतो.

आधी घराला कॉलम आहेत का ते इंजिनिअरकडून पाहून घ्या. कॉलम नसतील तर स्लॅबचं सगळं वजन नऊ इंची भिंतींवर आहे. तिथे तीन इंचांपेक्षा खोल जाऊ नका आणि लांबलचक आडवी खाच तर मुळीच नको. कॉलम असतील तर नऊ इंचीतली अर्धी वीट काढता येते. गिलावा धरून चारेक इंच खोली मिळते, मसाल्याच्या लहान बरण्यांना ती पुरते. सोलापुरी चादरींची चळत मात्र त्यात मावणार नाही, तिला कपाटच हवं. चार इंची पार्टिशनला हातच लावू नका. तिथे भिंतीपुढे कडप्प्याच्या दोन उभ्या फरश्या आणि मध्ये आडव्या फळ्या बसवा. शहाबादीही चालेल, शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर आहे.

भिंत आतली निवडा. पश्चिमेची बाहेरची भिंत एप्रिल-मेच्या दुपारी किती तापते ते तुम्ही रोज पाहता. ती अर्धी केली की मसाल्याचा वास उडतो, आणि पावसाळ्यात ओल आत येते ती वेगळी. शेजाऱ्याशी सामाईक भिंतही नको. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायरचा पाइप असतो, तो पट्टा सोडा. न्हाणीघराच्या पाठीला नळाची लाइन असते, तोही.

आता काम. रुंदी दोन फुटांच्या आत. आधी फक्त वरची खाच कापायची, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकेल असं तयार सिमेंटचं लिंटेल (वरचं वजन पेलणारी आडवी पट्टी) बसवायचं, फटी सिमेंट-वाळूच्या मसाल्याने घट्ट भरायच्या. आठवडाभर पाणी मारा. मगच खालच्या विटा काढायच्या, तेही कटर मशीनने कडा कापून आणि छिन्नीने. घणाच्या दणक्याने शेजारचा गिलावा सुटतो, हे मी गवंड्यांना अगदी हट्टाने सांगते. नव्या-जुन्या गिलाव्याच्या सांध्यावर जाळी ठोकायला लावा, नाहीतर तिथे बारीक चीर येतेच.

दिव्याच्या कोनाड्याला तळाशी आणि पाठीला कडप्पा लावा, तेल आणि काजळी पुसता येते. वर निदान फूटभर मोकळी उंची ठेवा. उथळ कोनाड्यात समई नको, लहान निरांजन ठेवा, आणि जवळ पडदा नको.